फुटबॉल नफ्यात की तोट्यात? कोणती वही उघडता त्यावर आहे

प्रश्न असा आला आहे: "मुलगी या ऑगस्टपासून अमेरिकेतल्या एका सरकारी विद्यापीठात शिकते आहे. फीच्या बिलात 'ॲथलेटिक्स फी' अशी वेगळी ओळ आहे. ती एकही मॅच बघत नाही. एकीकडे याच विद्यापीठाचा फुटबॉल कोट्यवधी डॉलर कमावतो असं वाचलं, दुसरीकडे खेळ विभाग तोट्यात आहे असंही वाचलं. खरं काय? विद्यापीठं हा हिशोब मांडतात तरी कसा?"

तुम्ही वाचलेल्या दोन्ही बातम्या खऱ्या असू शकतात. एकाच विद्यापीठाच्या, एकाच वर्षातल्या. (फुटबॉल म्हणजे इथला, अंडाकृती चेंडूचा अमेरिकन फुटबॉल; आपल्याकडचा नव्हे.) मी पुण्यात सीए झाले, मग इकडे येऊन सीपीए. गेली सोळा वर्षं सरकारी विद्यापीठांचे हिशोब तपासते आणि दर पावसाळा संपता संपता (इथे पावसाळा नसतो, पण सवय जात नाही) दोन-तीन ॲथलेटिक्स विभागांचं काम ठरलेलं असतं. खेळातलं मला आजही बेताचंच कळतं. सगळे उठले की मी उठते. पण त्या स्टेडियमांच्या पोटातल्या, खिडक्या नसलेल्या ऑफिसांत बसून वह्या मात्र मनसोक्त चाळल्या आहेत.

आधी एक चित्र डोक्यातून काढून टाका. आपल्याकडे कॉलेजच्या पावतीवर 'जिमखाना फी' असायची. त्यात दोन कॅरम बोर्ड, टेबल टेनिसचं एक जाळं आणि क्रिकेट संघाचा एसटीचा प्रवास भागायचा. हे तसं नाही. मिशिगन विद्यापीठाच्या फुटबॉल स्टेडियमची क्षमता १,०७,६०१ आहे, म्हणजे वानखेडेच्या तिप्पट आणि वर थोडं. जॉर्जिया विद्यापीठाचे प्रशिक्षक कर्बी स्मार्ट यांचा २०२४ चा करार दहा वर्षांचा आणि सुमारे १३ कोटी डॉलरचा. रुपये नव्हे, डॉलर. बहुतेक राज्यांत सरकारी पगारपत्रकावरचा सगळ्यात महाग माणूस राज्यपाल नसतो, विद्यापीठाचा फुटबॉल किंवा बास्केटबॉल प्रशिक्षक असतो.

आता वह्या. एकाच खेळाच्या किमान तीन वह्या असतात.

पहिली म्हणजे विद्यापीठाचा लेखापरीक्षित वार्षिक हिशोब. त्यात फुटबॉल शोधायला गेलात तर सापडणार नाही. वसतिगृहं, मेस, पार्किंग यांच्यासोबत 'पूरक उपक्रम' अशा एका ओळीत तो विरघळलेला असतो. त्यातही गंमत अशी, की खेळ विभाग स्वतःच्या पायावर उभा असेल तर तो पूरक उपक्रमांत धरायचा, आणि नसेल तर 'विद्यार्थी सेवा' या खर्चात. म्हणजे धंदा चालला तर धंदा, नाही चालला तर सेवा.

दुसरी वही केंद्रीय शिक्षण खात्याला द्यायची. १९९४ च्या कायद्याने ही सक्ती आली; उद्देश होता मुलींच्या आणि मुलांच्या खेळांवर किती खर्च होतो हे लोकांना दिसावं. या वहीत विद्यापीठाने स्वतःच्या तिजोरीतून खेळ विभागाला दिलेले पैसेही 'उत्पन्न' म्हणून येतात. त्यामुळे तुम्ही ती उघडून पाहिलीत तर कितीतरी विद्यापीठांचं उत्पन्न आणि खर्च शेवटच्या डॉलरपर्यंत जुळलेला दिसेल. इतका काटेकोर ताळमेळ आमच्या आजीच्या महिन्याच्या हिशोबातही नव्हता. जिथे खड्डा पडला तिथे विद्यापीठाने माती टाकली, आणि ती माती उत्पन्नात मोजली, एवढाच त्याचा अर्थ.

तिसरी वही एनसीएए या खेळ नियामक संस्थेची. दरवर्षी १५ जानेवारीपर्यंत द्यायची, आणि सर्वोच्च विभागातल्या (डिव्हिजन वन) विद्यापीठांना ती बाहेरच्या लेखापालाकडून तपासून घ्यावी लागते. हेच माझं काम. पण हे ऑडिट नव्हे, हे नीट समजून घ्या. आधी ठरवून दिलेल्या तपासण्या करायच्या आणि जे दिसलं ते लिहायचं, मत द्यायचं नाही. तिकीट विक्रीचा अहवाल खातेवहीशी जुळतो का? नमुन्याला घेतलेल्या खेळाडूंचं शिष्यवृत्तीचं पत्र त्यांच्या विद्यार्थी खात्याशी जुळतं का? प्रशिक्षकाचा करार आणि पगारपत्रक एकच आकडा सांगतात का? जुळलं की 'तफावत आढळली नाही' असं लिहून पुढे. तिकिटं, टीव्हीचे पैसे, विद्यार्थी फी, पगार, शिष्यवृत्ती, प्रवास, कर्जाचे हप्ते अशा ठरावीक ओळी असतात, आणि प्रत्येक ओळ खेळानुसार वेगवेगळ्या रकान्यांत फोडलेली असते.

हे काम किती साधं आणि किती फसवं असतं याचा एक नमुना. इथलं आर्थिक वर्ष ३० जूनला संपतं. पुढच्या मोसमाची सीझन तिकिटं मात्र फेब्रुवारी ते मे या काळात विकली जातात. म्हणजे ३० जूनला बँकेत भरपूर रक्कम असते, पण ती अजून कमावलेली नसते. पहिला सामना ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरात. ती जमेला न धरता देणं म्हणून दाखवायची. एका विद्यापीठात (नाव सांगत नाही) नव्या कारकुनाने ती सरळ उत्पन्नात घेतली होती आणि फुटबॉलचं वर्ष एकदम झकास दिसत होतं. तिकिटांच्या यादीवर सामन्याची तारीख सप्टेंबरची आणि नोंद मे महिन्याची, एवढ्यावरून आम्हाला ते सापडलं. दुरुस्ती झाली, आणि झकास वर्षाचं बेताचं वर्ष झालं. मैदानावर काहीही बदललं नव्हतं.

पण ही चूक होती. खरी मौज चूक नसलेल्या गोष्टींत आहे.

एनसीएएच्या अहवालात खेळांच्या रकान्यांशेजारी आणखी एक रकाना असतो: 'कोणत्याही एका खेळाचा नसलेला'. विभागप्रमुखाचा पगार, व्यायामशाळा, आहारतज्ज्ञ, तिकीट खिडकी, डॉक्टर, विमा असं सगळं तिथे टाकता येतं. व्यायामशाळेत सकाळी सहाला घाम गाळणारे निम्मे जण फुटबॉलचे असले तरी चालतं. उलट बाजूने, परिषदेकडून (म्हणजे एकमेकांशी खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटाकडून) येणारे टीव्हीचे पैसे तुम्ही फुटबॉलच्या रकान्यात टाका किंवा या अनाथ रकान्यात. एका ठिकाणी नवीन वित्त अधिकारी आले आणि त्यांनी टीव्हीचे पैसे अनाथ रकान्यातून उचलून फुटबॉलमध्ये नेले. आधीच्यापेक्षा ते जास्त बरोबरच होतं म्हणा, कारण टीव्हीवाले पैसे देतात ते मुख्यतः फुटबॉलसाठीच. पण स्थानिक पेपरात 'फुटबॉलच्या नफ्यात प्रचंड झेप' अशी बातमी आली. मी तो पेपर घडी घालून ठेवला आहे. नवीन मुलांना शिकवताना दाखवते.

आता शिष्यवृत्ती, कारण खरा वाद इथे आहे आणि हे कळलं की निम्मं कोडं सुटतं.

परवापर्यंत सर्वोच्च फुटबॉल विभागातल्या संघाला ८५ पूर्ण शिष्यवृत्त्या देता यायच्या. समजा, राज्यातल्या विद्यार्थ्याला वर्षाला २०,००० डॉलर फी आहे आणि बाहेरच्या राज्यातल्याला ४५,०००. संघात २५ जण राज्यातले, ६० बाहेरचे. खेळ विभागाच्या खर्चात २५ गुणिले २०,००० म्हणजे ५ लाख, आणि ६० गुणिले ४५,००० म्हणजे २७ लाख. एकूण ३२ लाख डॉलर लिहिले जातात. हे पैसे जातात कुठे? विद्यापीठाच्याच फी खात्यात. कॅम्पसच्या फाटकाबाहेर एक डॉलरही गेलेला नाही. खेळ विभागाची वही म्हणते ३२ लाख खर्च, फी विभागाची वही म्हणते ३२ लाख जमा, आणि मग विद्यापीठ खेळ विभागाची 'तूट' भरून काढायला मदत देतं आणि त्या मदतीची बातमी होते.

किराणा दुकान असलेलं एकत्र कुटुंब डोळ्यांसमोर आणा. धाकटा भाऊ घरासाठी दुकानातून साखर नेतो. मोठा भाऊ ती त्याच्या नावावर छापील किमतीने मांडतो. वर्षाखेर धाकट्याच्या नावावर मोठी उधारी दिसते आणि दुकान भरभराटीला आलेलं दिसतं. साखर मात्र घाऊक भावाने आलेली होती, आणि कुटुंब तेवढंच श्रीमंत किंवा गरीब आहे. प्रश्न फक्त दराचा आहे: छापील, घाऊक, की त्याहून कमी?

हा प्रश्न कागदावरून रस्त्यावर आला तो अलाबामातल्या बर्मिंगहॅममध्ये. यूएबी, म्हणजे अलाबामा विद्यापीठाची तिथली शाखा. डिसेंबर २०१४ मध्ये अध्यक्ष रे वॉट्स यांनी फुटबॉल बंद केल्याचं जाहीर केलं, सोबत बोलिंग आणि रायफल नेमबाजीही. आधार होता एका सल्लागार कंपनीचा अहवाल: फुटबॉल चालू ठेवायचा तर पुढच्या पाच वर्षांत आणखी सुमारे ४ कोटी ९० लाख डॉलर लागतील. खेळाडू रडले, गाव खवळलं. मग क्रीडा अर्थतज्ज्ञांच्या दुसऱ्या एका गटाने तेच आकडे पुन्हा मांडले. शिष्यवृत्तीला छापील फी न लावता विद्यापीठाला प्रत्यक्ष पडणारा खर्च लावला, आणि निष्कर्ष निघाला की फुटबॉलमुळे तोटा होतच नाही, झाला तर थोडा फायदाच. तिसऱ्या एका अहवालाचं म्हणणं वेगळं होतं, पण तोवर देणगीदार पुढे आले होते. जून २०१५ मध्ये निर्णय फिरवला गेला. २०१७ मध्ये संघ मैदानात परतला आणि त्या मोसमात ८ सामने जिंकला.

मग घाऊक भावच बरोबर म्हणायचा? माझं मत विचाराल तर ते पंगतीवर अवलंबून आहे. कार्यालयात तीनशे पानं मांडली आहेत आणि अडीचशे पाहुणे आलेत, तर वर दहा जण बसले तरी वाढप्यांची मजुरी तेवढीच आणि भातही उरणारच होता. यूएबी अशी पंगत होती. वर्गांत जागा होती, विद्यार्थी वाढवायचेच होते. पण जिथे प्रवेशासाठी दाराबाहेर रांग आहे, तिथे प्रत्येक पानावर बसलेला माणूस म्हणजे पूर्ण पैसे देणारा दुसरा एक उठवलेला. मिशिगन किंवा कॅलिफोर्नियातल्या बर्कलीसारख्या ठिकाणी छापील दर फार खोटा नाही. आणि शिष्यवृत्तीतला सगळाच भाग कागदी नसतो. जेवण खरं असतं (आणि शंभर किलोच्या मुलांचं जेवण फारच खरं असतं), राहणीमानासाठी हातात दिला जाणारा भत्ता खरा असतो, आणि २०२१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर अभ्यासातल्या कामगिरीसाठी वर्षाला ५,९८० डॉलरपर्यंत देता येऊ लागले, तेही खरे. म्हणून शिष्यवृत्तीची ओळ दिसली की मी आधी विचारते: यातला किती चेक बाहेर गेला?

अशाच दुहेरी नोंदी आणखी आहेत, त्या झटपट सांगते. ओहायो स्टेटने २०१६ मध्ये नायकीशी १५ वर्षांचा सुमारे २५ कोटी २० लाख डॉलरचा करार केला. अशा करारांचा मोठा हिस्सा बूट आणि कपड्यांच्या रूपात येतो. तो माल जमेला एकदा आणि साहित्याच्या खर्चाला एकदा लिहायचा. नफ्यावर परिणाम शून्य, पण 'इतकं उत्पन्न' म्हणून जे आकडे मिरवले जातात ते फुगतात. बाहेरच्या संस्थेने प्रशिक्षकाला परस्पर पैसे दिले तरी तेच: दोन्ही बाजूंना नोंद. मग 'हमी रक्कम'. बडं विद्यापीठ मोसमाच्या सुरुवातीला सोपा विजय मिळावा म्हणून छोट्या विद्यापीठाला पैसे देऊन खेळायला बोलावतं. एकाचा खर्च, दुसऱ्याचं उत्पन्न, आणि छोट्यांचं अख्खं बजेट कधीकधी या मार खायच्या पैशांवर चालतं. २००७ मध्ये मिशिगनने ॲपलेशियन स्टेटला ४ लाख डॉलर देऊन बोलावलं होतं. पाहुणे ३४-३२ ने जिंकले आणि पैसेही घेऊन गेले. एकदा जुन्या वहीत असा एक चेक तपासत असताना तिथले वयस्कर कॅशियर एवढंच म्हणाले, "ही ओळ अजून दुखते."

कर्जाकडे मात्र मी थांबून बघते, कारण तिथे कागदी काहीच नसतं. बर्कलीचं मेमोरियल स्टेडियम हेवर्ड नावाच्या भूकंपप्रवण भेगेवर बसलं आहे. ती भेग चक्क मैदानाखालून जाते. भूकंपासाठी मजबुतीकरण आणि नूतनीकरण असं मिळून सुमारे ३२ कोटी डॉलरचं काम झालं आणि २०१२ मध्ये मैदान पुन्हा उघडलं. पैसे फेडायची योजना होती चांगल्या जागा दीर्घ मुदतीसाठी विकायची. अपेक्षेइतक्या विकल्या गेल्या नाहीत. हप्त्यांनी खेळ विभाग वाकला. २०१८ मध्ये कुलगुरू कॅरोल ख्रिस्ट यांनी भूकंप मजबुतीकरणाशी संबंधित, म्हणजे निम्म्याहून अधिक, कर्जाचा भार विद्यापीठाने उचलायचा निर्णय जाहीर केला. युक्तिवादही चुकीचा नव्हता: विद्यापीठाच्या जागेवरची इमारत कोसळू नये ही जबाबदारी संघाची कशी? पण हिशोबनीसाच्या नजरेने बघा. त्या निर्णयाने खेळ विभागाची तूट घटली, आणि देणं एका डॉलरनेही कमी झालं नाही. दोन वर्षांचे अहवाल शेजारी ठेवून कुणी 'सुधारणा' मोजली तर ती सुधारणा अशी असते.

प्रशिक्षकाला काढण्याचा खर्चही खराच. टेक्सास ए अँड एमने नोव्हेंबर २०२३ मध्ये जिंबो फिशर यांना काढलं, तेव्हा करारानुसार त्यांना देणं निघालं साडेसात कोटी डॉलरहून जास्त, आणि तेही २०३१ पर्यंत हप्त्या-हप्त्याने. अशा वेळी विद्यापीठं घाईने सांगतात की करदात्यांचा किंवा विद्यार्थ्यांचा पैसा यात नाही, देणगीदारांचा आहे. शब्दशः ते बरोबर असतं. देणगीदारांची संस्था कायद्याने वेगळी असते, तिची वही वेगळी असते. पण तोच देणगीदार यंदा ग्रंथालयाला चेक लिहिणार होता का, हे कुठल्याच वहीत लिहिलेलं नसतं.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. 'खेळ विभाग तोट्यात' आणि 'फुटबॉल नफ्यात' यांत विरोध नाही. मोठ्या विद्यापीठांत फुटबॉल कमावतो आणि त्याच पैशांवर पोहणं, नौकानयन, धावणं, जिम्नॅस्टिक्स असे पंधरा-वीस खेळ चालतात. १९७२ च्या समानता कायद्यामुळे मुलींच्या खेळांना न्याय्य वाटा द्यावाच लागतो, आणि द्यायलाही हवा. कमावता एक, खाणारे वीस. एनसीएएचाच २०१९ चा आकडा घ्या: सर्व डिव्हिजन मिळून सुमारे १,१०० विद्यापीठांपैकी फक्त २५ ठिकाणी खेळ विभागाने स्वतः कमावलेलं उत्पन्न खर्चापेक्षा जास्त होतं. 'स्वतः कमावलेलं' हे शब्द महत्त्वाचे: तिकिटं, टीव्ही, देणग्या, जाहिराती. उरलेलं ते 'वाटून दिलेलं': विद्यापीठाची मदत, सरकारी मदत आणि तुमच्या लेकीची फी.

ही फी सगळीकडे सारखी नाही. बड्या संघांच्या विद्यापीठांत ती नगण्य किंवा शून्य असते. खरी चटके देणारी फी मधल्या फळीत असते, जिथे टीव्हीचा पैसा तुटपुंजा आणि हौस मात्र मोठ्यांइतकी. व्हर्जिनियातल्या जेम्स मॅडिसन विद्यापीठात ती वर्षाला २,००० डॉलरच्या वर गेल्याचं प्रसिद्ध आहे. तिथल्या विधिमंडळाने २०१५ मध्ये कायदाच केला: खेळ विभागाच्या बजेटमध्ये फी आणि मदतीचा हिस्सा किती असावा याला मर्यादा. बड्या परिषदांतल्यांना २० टक्के, सर्वोच्च फुटबॉल विभागातल्या इतरांना ५५ टक्के, त्याखालच्यांना आणखी जास्त. लहान विद्यापीठांना जास्त मुभा, म्हणजे जिथे फी जास्त बोचते तिथेच ती जास्त घेता येते. मला हे उलटं वाटतं, पण कायदा नसण्यापेक्षा बरं.

आणि २०२५ पासून चित्र पुन्हा हललं आहे. खेळाडूंनी एनसीएएवर केलेल्या दाव्यांत जून २०२५ मध्ये न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी मंजूर केलेल्या तडजोडीनुसार विद्यापीठं आता खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात; २०२५-२६ साठी प्रत्येक विद्यापीठाला मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. ८५ शिष्यवृत्त्यांची अट जाऊन संघात १०५ खेळाडूंची कमाल संख्या आली. हा खर्च साखरेसारखा घरातल्या घरात फिरत नाही. तो चेक फाटकाबाहेर जातो, त्यामुळे यूएबीवाला युक्तिवाद इथे चालणार नाही. त्याच तडजोडीत जुन्या खेळाडूंना दहा वर्षांत सुमारे २८० कोटी डॉलर भरपाई आहे. त्याचा एक भाग एनसीएए विद्यापीठांना दरवर्षी जे पैसे वाटते त्यांत कपात करून उभा राहतो. म्हणजे विद्यापीठाच्या वहीत तो खर्च म्हणून दिसेलच असं नाही. जमेची एक ओळ गुपचूप बारीक होईल. पुढची काही वर्षं अहवाल वाचताना नुसती खर्चाची बाजू बघू नका.

तुम्हाला स्वतः बघायचं असेल तर असं करा. शिक्षण खात्याची वही सगळ्यांना खुली आहे, संकेतस्थळावर विद्यापीठाचं नाव टाकलं की मिळते. पण ती फक्त ओळखीपुरती बघा. विद्यापीठ सरकारी असल्याने एनसीएएचा अहवाल राज्याच्या माहिती अधिकार कायद्याखाली मागता येतो. अर्ज फेब्रुवारीत करा, त्याआधी केलात तर गेल्या वर्षीचाच हातात पडेल. अहवाल आला की आधी 'विद्यार्थी फी' ही ओळ, मग 'विद्यापीठाची थेट मदत', मग कर्जाचे हप्ते, आणि शेवटी तो अनाथ रकाना. फुटबॉलचा रकाना सगळ्यात शेवटी वाचा. आणि मुलीला सांगा, बहुतेक ठिकाणी ही फी ऐच्छिक नसते, पण तिच्या बदल्यात विद्यार्थ्यांना तिकीट फुकट किंवा स्वस्तात मिळतं. एकदा तरी जाऊन बसू दे. पैसे तर भरलेच आहेत.